पाहुण्यांसाठी एक बटण

संगणक कधीच काही विसरत नाही. माणूस विसरतो, सरकार विसरतं, दिलेला शब्द आणि मागून नेलेली छत्री दोन्ही विसरली जातात. यंत्राच्या पोटात एकदा गेलेली गोष्ट मात्र तिथे कायमची राहते. हा विचार माझा नाही. चांदूर बाजारच्या एका कॉलेजात, संगणक कक्षाच्या भिंतीवर, चित्रकलेच्या सरांनी निळ्या ऑइलपेंटने त्यातलं पहिलं वाक्य लिहिलं होतं आणि दोन्ही बाजूंना एकेक मोर काढला होता. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'कधीच' या शब्दावर पाल बसली होती.

अमरावतीला, राजापेठेत पुन्हा परीक्षा लागल्या आहेत. माझ्या खिडकीखाली सकाळी सातलाच गाड्यांची गर्दी होते. तोंडाला ओढण्या गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून मुली स्कूटरवरून उतरतात. बाहेरगावच्या माणसाला वाटावं की इथे दरोड्याचे क्लास चालतात. एखादा बाप फाटकाशी उभा राहून शेवटची सूचना देतो, "घाई करू नको, पेपर पुरा वाच," आणि मुलगी ज्या चेहऱ्याने ते ऐकते तो चेहरा ओढणीआड असतो म्हणून पुष्कळ घरांत शांतता टिकून आहे. मग ऊन चढतं, रस्ता ओस पडतो आणि शेजारच्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येतो. लोकांना त्या वासाने गार वाटतं. मला घाम फुटतो. तो वास आला की मी चांदूर बाजारच्या त्या कक्षात असतो, पुढे वीस पडदे असतात आणि वीसही पडद्यांवर एकच निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत असते.

ती वर्षं आमच्याकडे विशेषणाची वर्षं होती. अमरावती, अकोला ही नावं वर्तमानपत्रात एकटी छापून येत नसत; त्यांच्याआधी 'आत्महत्याग्रस्त' हा शब्द यायचा, जसा एखाद्याच्या नावाआधी डॉक्टर यावा. विश्रामगृहात खोली मिळत नसे. अभ्यासक येत, पाहणी पथकं येत, कॅमेरे येत. पांढरे बूट घालून काळ्या मातीत उभे राहिलेले लोक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाकडे असे पाहत, जणू तिच्याकडूनच जबाब घ्यायचा आहे. मग 'पॅकेज' नावाची सरकारी मदत आली. ती गाईंच्या रूपात आली, पंपांच्या रूपात आली, समुपदेशकांच्या रूपात आली आणि चांदूर बाजारच्या कॉलेजात वीस संगणकांच्या रूपात आली. शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी संगणक शिकावा, सर्टिफिकेट घ्यावं आणि तालुक्याच्या एखाद्या कचेरीत टायपिंगच्या कामाला लागावं, अशी कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती. त्या वर्षांत मी वाईट कल्पना एकही पाहिली नाही.

संगणक आले ते रिकामे. आत कुठलीही सिस्टीम नाही. बरं, सिस्टीम टाकावी तर सीडी घालायची खाच नाही. निविदा करणाऱ्या कोणीतरी ती वाचवली होती. पेनड्राइव्हवरून सुरू होणं त्या मशीनना ठाऊक नव्हतं. तीन महिने ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बसून होते आणि रोज सकाळी शिपाई पिशव्यांवरची धूळ पुसत होता. मग कोणीतरी प्राचार्यांना माझं नाव सांगितलं. मी राजापेठेत संगणकाचे क्लास घेत असे, लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवरची दोन जाडजूड पुस्तकं वाचून बसलो होतो आणि कुठल्याही समारंभाची टिंगल करण्याबद्दल मित्रांत माझं नाव होतं. मी प्राचार्यांना म्हणालो, सीडी लागणार नाही. माझं एक मशीन आणून सर्व्हर करू, या विसांना तारेने जोडू, आणि तारेतूनच सगळ्यांत लिनक्स टाकू. पैसे लागत नाहीत.

"फुकट आहे म्हणता," प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले. "चालते ना पण?"

त्या कक्षाच्या शिक्षिका वंदना मॅडम. वय सत्तावीस, जवळच्याच खेड्यातल्या, घरी संत्र्याची थोडी झाडं आणि बाकी कोरडवाहू. अकरा महिन्यांच्या करारावर लागल्या होत्या आणि संगणक सुरूच होत नसल्यामुळे अठरा मुलामुलींना फळ्यावर कीबोर्ड काढून टायपिंग शिकवत होत्या. मी हे विनोद म्हणून सांगत नाही. त्यांची मुलं डोळे मिटून बाकावर बोटं आपटत आणि त्या वर्गातून फिरत म्हणत, "क चुकला. पुन्हा." बाकावर क कसा चुकतो हे मला कधी समजलं नाही, पण मुलांना समजत होतं.

एकदा आम्ही केबलच्या टोकांना क्लिपा बसवत होतो तेव्हा त्यांनी सहज सांगितलं. अठरा जणांची परीक्षा याच कक्षात व्यवस्थित पार पडली तर केंद्र टिकेल आणि त्यांचं पद पुढे चालेल. नाही तर केंद्र अकोल्याला जाईल, कक्ष बंद. घरी वडिलांशी त्यांचा दुसरा एक करार होता, तोंडी: नोकरी आहे तोवर स्थळं पाहायची नाहीत.

"दोन्ही करार एकाच दिवशी संपतात, सर," त्या म्हणाल्या आणि क्लिप दाबली. त्यांच्या क्लिपा माझ्यापेक्षा पक्क्या बसत.

तारा ओढायला अकोल्याहून शकीलभाई येत. जुन्या शहरात त्यांचं दुकान होतं. वडिलांनी रेडिओ दुरुस्त केले, त्यांनी टीव्ही आणि मग संगणक. यंत्राला ते हात लावत तेव्हा डॉक्टर पोट तपासतो तसा चेहरा करत. मी त्यांना समजावून सांगितलं: मशीन सुरू झालं की ते आधी तारेत ओरडतं, मी कोण? सर्व्हर उत्तर देतो, तू सात नंबर, हा तुझा पत्ता, आणि ही घे तुझी सिस्टीम. मग सगळं तारेतून वाहत येतं. अर्ज न करता उत्तर देणारं जिल्ह्यातलं ते एकमेव ठिकाण होतं.

शकीलभाई विचारात पडले. "म्हंजे हे मशीन जन्माले आल्याबरोबर विचारते, मी कोन?"

"हो."

"अन् त्याले जवाब भेटते?"

"लगेच."

"नशीबवान हाये बाप्पा. आपन त विचारायचंच सोडून देल्लं."

सर्व्हरमध्ये एक फाईल असते. सिस्टीम टाकताना मशीन जे जे विचारील त्या सगळ्याची उत्तरं तिच्यात आधीच लिहून ठेवायची, म्हणजे माणसाला समोर बसावं लागत नाही. भाषा कोणती? कीबोर्ड कोणता? घड्याळ कुठलं? डिस्कवर जे असेल ते पुसायचं का? हो. ती फाईल मी वंदना मॅडमच्या समोर लिहिली. त्या मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"पुसायच्या आधी एकदा विचारत नाही का?"

"विचारू नको, असंही लिहिलंय. वीस मशीनपुढे जाऊन वीसदा 'हो' कोण म्हणत बसणार?"

त्यांनी मान डोलावली. उत्तर बरोबरच होतं. त्या सगळ्या प्रकरणात मी एकही उत्तर चुकीचं दिलं नाही, हे आज आठवलं की जास्त वाईट वाटतं.

पहिल्यांदा वीसही मशीन एकदम भरली तो दिवस मार्चमधला. कडुलिंबाला मोहर होता, खिडकीतून त्याचा कडवट गोड वास येत होता आणि वीस पडद्यांवर वीस निळ्या पट्ट्या सरकत होत्या. मुलं बाकांवर चढून पाहत होती. उज्ज्वला नावाच्या मुलीला घ्यायला तिचे वडील आले होते, शेतातून तसेच, पायाला माती. त्यांनी विचारलं हे काय लिहून येऊन राहिलं. पडद्यावर इंग्रजीत येत होतं की अमुक पॅकेज आलं, तमुक पॅकेज आलं. तिने वाचून दाखवलं.

"बरं हाये," ते म्हणाले. "याईचं पॅकेज तरी पोचून राह्यलं."

सगळे हसले, मीही हसलो. दारात उभे असलेले प्राचार्य हसले नाहीत. ते पडद्यांकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत मंडप उभा राहत होता.

"हे पाहुण्यांच्या हस्ते झालं पाहिजे," ते म्हणाले. "जिल्ह्याच्या साहेबांनी एक बटण दाबावं, अन् वीसच्या वीस मशीन एकदम जिवंत व्हाव्यात. टाळ्या. फोटो."

मी सांगितलं, असं बटण नसतं. प्राचार्य म्हणाले, बसवा.

बटण शकीलभाईंनी बसवलं. दुकानातून ते घरच्या बेलचं बटण घेऊन आले, पांढरं, मधोमध लाल ठिपका. लाकडी फळीला मखमल लावून त्यावर ते बसवलं आणि कक्षातूनच वाट असलेल्या मागच्या खोलीत, मेन स्विचपाशी, एक घंटी टांगली. पाहुण्यांनी बटण दाबायचं, मागे घंटी वाजायची, शकीलभाईंनी मेन वर करायचा आणि वीज येताच मशीन आपोआप सुरू होतील अशी सोय मी त्यांच्यात करून ठेवायची. रंगीत तालीम झाली. मी साहेब झालो. बटण दाबलं, लांबून टिंग ऐकू आलं, खटका पडला आणि वीसही मशीन एका दमात उठून बसली, सर्व्हरला विचारती झाली, मी कोण? अंगावर काटा आला. हे लिहायला नको वाटतं, पण आला.

एक अडचण होती. उठताच आधी तारेला विचारायचं आणि तारेवरून उत्तर आलं नाही तरच स्वतःच्या डिस्ककडे वळायचं, असा क्रम त्या समारंभासाठी सगळ्या मशीनमध्ये लावून ठेवला होता. म्हणजे सर्व्हर जागा असताना एखादं मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, की ते विचारणार, सर्व्हर सांगणार आणि मशीन नव्याने जन्म घेणार. आधीचं सगळं पुसून. म्हणून रोजच्या सरावाला सर्व्हरमधला तो उत्तर देणारा प्रोग्राम बंद ठेवायचा. एक ओळ टाइप केली की बंद, एक ओळ टाइप केली की चालू. वंदना मॅडमनी ती सूचना कागदावर लिहून सर्व्हरला चिकटवली होती आणि रोज सकाळी पहिल्यांदा ते तपासत. मोरांच्या मधलं वाक्य त्यांनी कधी वाचलं की नाही, ठाऊक नाही.

साहेब यायचे ठरले आणि आले नाहीत. दुसऱ्यांदा ठरले, आले नाहीत. मंडपवाला कापड काढून घेऊन गेला, पुन्हा लावून गेला. मी प्राचार्यांना म्हणालो, मशीनमधला क्रम बदलून टाकतो, उगाच धोका नको. ते म्हणाले, "तयारी मोडू नका, सर. साहेब केव्हाही येतील." आणि मी मोडली नाही. मोडायला वीस मशीनपुढे एकेकदा बसावं लागलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण मी त्या वेळी कोणालाच सांगितलं नाही: ते वीस पडदे एकदम उजळताना कोणीतरी मोठ्या माणसाने पाहावं, असं मला वाटत होतं. आयुष्यभर शाली-श्रीफळांची टवाळी करणारा मी, मखमलीवरच्या बेलच्या बटणाची रोज धूळ झटकत होतो.

परीक्षा एप्रिलच्या शेवटी लागली. सकाळी आठ ते अकरा. भारनियमन अकरानंतर होतं म्हणून. बाहेरून आलेले परीक्षक काटेकोर होते. त्यांचा पहिला हुकूम: प्रत्येकाचं काम प्रत्येकाच्या मशीनवरच साठवायचं, सर्व्हरवर नाही. नेटवर्क म्हणजे कॉपी. शेवटी ते स्वतः एकेक मशीनवरून उचलून नेतील. दुसरा हुकूम: विषयशिक्षकाने कक्षात थांबायचं नाही. वंदना मॅडम बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. सकाळी साडेसातला त्यांनी सर्व्हर तपासला होता. उत्तर देणारा प्रोग्राम बंद होता. अठरा मुलं आत गेली, अठरा मशीन आपापल्या डिस्कवरून शहाण्यासारखी सुरू झाली. उरलेली दोनही परीक्षकांनी राखीव म्हणून सुरू करून घेतली. पहिला प्रश्न तहसीलदारांना विनंती अर्ज टाइप करण्याचा होता. बोटांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. या वेळी बाकांवरचा नव्हे.

साडेनऊला प्राचार्यांना फोन आला. साहेब अमरावतीहून निघाले, साडेदहाला पोचतील, परीक्षा सुरू असली तरी चालेल, संपताच बटण दाबतील. प्राचार्य धावत आले. "तयार ठेवा, सर, ऐन वेळी धांदल नको." सर्व्हर कक्षाच्या बाहेरच्या टेबलावर होता. मी बसलो आणि ती ओळ टाइप केली. चालू.

वंदना मॅडम पायरीवरून उठून आल्या. "सर, परीक्षा सुरू आहे."

"सुरू असलेलं मशीन विचारत नाही, मॅडम. फक्त उठताना विचारतं."

हे वाक्यही बरोबर होतं.

मग मी फाटकाशी जाऊन स्वागताच्या रांगेत उभा राहिलो. दहालाच ऊन चाळिशीला टेकलेलं. गुलाबांचे हार ओल्या फडक्यात गुंडाळले होते आणि फडकं वाळत होतं. प्राचार्यांच्या हातात शाल. शकीलभाई साहेबांच्या खुर्चीमागच्या कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होते आणि नव्या ताट्यांतून वाळ्याचा वास दरवळत होता. दहा वाजून वीस मिनिटांनी कूलर थांबला. लाइन गेली.

वेळापत्रकात ते नव्हतं, पण वेळापत्रकात नसलेलं जाणं आमच्याकडे रोजचं. आत मुलं शांत बसली होती. मॅडमनी त्यांना दर पाच मिनिटांनी काम साठवायची सवय लावली होती. कोणाचा एक शब्दही गेला नव्हता. लाइन तशीच गेलेली राहिली असती तर सगळं वाचलं असतं. चार तास, आठ तास, आमच्या भागात नेहमी जाते तशी. त्या दिवशी ती सात मिनिटांत परत आली.

इन्व्हर्टर एकच होता आणि तो फक्त सर्व्हरला लावलेला होता, त्याच्या पडद्यालाही नाही, कारण साहेबांच्या क्षणी सर्व्हर पडता कामा नये. सर्व्हर जागा होता. मेन वर होता. वीसही मशीन आपोआप उठली.

पायरीवर बसलेल्या वंदना मॅडमनी वीस 'टुंग' एका वेळी ऐकले. पूर्ण इमारतीत त्या आवाजाचा अर्थ त्या क्षणी एकट्या त्यांनाच कळत होता. त्या दाराकडे धावल्या. परीक्षक दारात आडवे झाले.

"मॅडम, तुम्हाला आत येता येत नाही."

"सर, मेन पाडा! मशीन पुसून राहिल्या!"

"नियम आहे, मॅडम."

मी फाटकापाशी होतो. हे मला नंतर कळलं. मॅडम तिथून फाटकाकडे पळत आल्या. चप्पल पायरीवरच राहिली होती आणि त्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी येत होत्या. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. मी त्यांचे पाय पाहिले आणि मला समजलं.

आत गेलो तेव्हा पट्ट्या सरकू लागल्या होत्या. पुसणं पहिल्या दोन मिनिटांत होतं, उरलेला वेळ भरण्यात जातो. थांबवण्यात काही अर्थ उरला नव्हता. परीक्षक विचारत होते हे काय आहे. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. उज्ज्वलाने हात वर केला.

"सर, हे बी सोडवाचं हाये का?"

अर्ध्या तासात वीस मशीन भरून तयार झाली. एकातही एक चूक नाही. इतकं निर्दोष काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. साहेब आले नाहीत. त्यांची गाडी परस्पर वरूडला गेली, तिथे संत्र्याची वाळलेली झाडं पाहायची होती. आणलेली शाल प्राचार्यांनी परीक्षकांना पांघरली. त्यांनी ती त्या उन्हात घामाघूम होऊन घेतली, आणि अहवाल जो लिहायचा तोच लिहिला.

अहवालात कारण होतं: विजेचा लपंडाव. प्राचार्यांनी सुचवलं, परीक्षकांनी लिहिलं, तांत्रिक सल्लागार म्हणून खाली मी सही केली. विजेला कोणीही दोष देऊ शकतो. ती बोलत नाही आणि तिच्यावर सगळ्यांचं एकमत आहे. वंदना मॅडम टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. साडेनऊची ती ओळ कोणी टाइप केली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्या सहीकडे पाहिलं आणि अहवाल लिफाफ्यात घातला.

फेरपरीक्षा मे महिन्यात अकोल्याला झाली. सातही मुलगे आले. अकरा मुलींपैकी चार आल्या. बाकीच्यांच्या घरी मॅडम एकेक करून गेल्या; उज्ज्वलाच्या घरी मीही बरोबर होतो. तिच्या वडिलांनी पाणी दिलं, बसायला बाज टाकली.

"मॅडम, अकोल्याले पाठवू पोरीले? दोन दिस? शेत तयार कराचं हाये, घरी कोन हाये?"

"तिचं काही चुकलेलं नाही, भाऊ. पेपर चांगला चालला होता तिचा."

"थे त समजते मले. चुकलं नाई." ते खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न करत होते. "मंग पुन्हा काहून द्या लागते?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अशा प्रश्नांना उत्तर देण्यासाठीच मला बोलावलेलं होतं. मी म्हणालो, लाइन गेली होती ना.

"हाव," ते म्हणाले. "लाइनीचं काय सांगता." आणि विषय मिटला. उज्ज्वला आतल्या दारात उभी होती. तिची बोटं चौकटीवर हलत होती, टाइप केल्यासारखी.

अकोल्याला त्या अकरा जणांचं जेवण शकीलभाईंच्या घरी होतं. डाळ-भात, आलूची भाजी, पन्हं. भाभींनी पोळ्या किती केल्या कोण जाणे. जेवणं झाल्यावर शकीलभाई मला दुकानात घेऊन गेले. त्यांनी एका मशीनची डिस्क काढून आणली होती आणि दोन दिवस बसून तिच्यातून काही निघतं का पाहत होते. निघालं होतं ते त्यांनी कागदावर छापून ठेवलं होतं: 'प्रति, मा. तहसीलदार साहेब. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की'. पुढे काही नाही. कोणाचा अर्ज, कशाची विनंती, ते गेलं होतं.

"सर," शकीलभाई कागदाकडे पाहत म्हणाले, "मी त्या दिवशी मेनपाशी असतो त पाडला असता. कूलरमंधी पानी भरत बसलो. माही जागा सोडून. झोपतानी बी थेच येते डोक्यात."

तेव्हा सांगायला हवं होतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "तुमचा काय दोष, शकीलभाई? लाइन." त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. त्या सगळ्या माणसांत वीज हे कारण ज्याला पुरलं नाही असा तो एकच माणूस, आणि तो विजेचं काम करणारा.

केंद्र गेलं. कक्षातल्या सामानाची यादी झाली. खुर्च्या, केबल, पडदे, मखमल लावलेली फळी, सगळं नोंदवहीत होतं. बेलचं बटण नव्हतं, कारण ते शकीलभाईंनी घरून आणलेलं. त्यांनी ते स्क्रू काढून वंदना मॅडमच्या हातात दिलं. "घरी लावा, मॅडम. चांगलं हाये, एकडावच वापरलं." त्याच उन्हाळ्यात मॅडमच्या घरी स्थळं पाहिली गेली. वरूडचं जमलं, संत्र्याच्या व्यापारातलं घर, माणसं चांगली. मला पत्रिका आली. मी गेलो नाही, परीक्षेचे पेपर तपासायचे होते असं कळवलं. लग्नाच्या दिवसांत पेपर नसतात, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

सतरा-अठरा वर्षं होऊन गेली. साहेबांनी त्या कक्षाचं उद्घाटन कधीच केलं नाही. आता तिथे निवडणुकीच्या पेट्या ठेवतात असं ऐकतो. विशेषण वर्तमानपत्रातून निघून गेलं. ज्याच्यामुळे लागलं होतं ते गेलं म्हणून नव्हे, लिहिणाऱ्यांना सवय झाली म्हणून. मी दर एप्रिलला ठरवतो की वरूडला जायचं आणि मॅडमना सांगायचं, की तुम्हाला जे माहीत आहे ते मलाही माहीत आहे. त्याने कोणाचं काही परत येणार नाही. उज्ज्वलाचा अर्जही नाही. तरी.

यंदा गेलो. वाळ्याच्या वासाने दोन दुपारी झोपू दिलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसलो. घर सापडायला वेळ लागला नाही. गल्लीत संत्र्याच्या रिकाम्या क्रेटांची थप्पी, दाराशी तुळस, आणि चौकटीवर पांढरं बटण, मधोमध लाल ठिपका. ठिपका थोडा फिकट झाला होता. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं, छोटं, तीन शब्दांचं. ते एकदा मनात म्हणून पाहिलं आणि बटण दाबलं. कान देऊन उभा राहिलो. पुन्हा दाबलं. मग कडी वाजवली.

दार मॅडमनीच उघडलं. केसांत पांढरं आलं होतं. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला, आणि त्या हसल्या.

"सर! किती वेळचे दाबत होता? वाजत नाही ते. लाइन गेली आहे."

"हो," मी म्हणालो. "विजेचंच काहीतरी."

त्यांनी चौकटीवरच्या बटणाकडे पाहिलं. मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, आत या. पंखा बंद होता, खोली उकडत होती. त्यांनी चहा केला. चहा गॅसवर होतो. त्याला लाइन लागत नाही.